ताण उतरवायला कास कशाला?

कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर या पट्ट्यातल्या मुक्कामाच्या जागांच्या जाहिराती हल्ली वेगळं बोलायला लागल्या आहेत. पूर्वी ‘व्हॅली व्ह्यू’, ‘चोवीस तास गरम पाणी’ आणि ‘चुलीवरचं मटण’ एवढ्यावर भागायचं. आता ‘डिजिटल डिटॉक्स’ असतो, ‘माइंडफुल वॉक’ असतो आणि ‘फॉरेस्ट बाथिंग’ म्हणजे वनस्नानही असतं. शुक्रवारी रात्री पोचायचं, फोन काउंटरवर जमा करायचा, सकाळी शिकवायला ठेवलेल्या माणसाबरोबर जाऊन झाडाच्या खोडाला हात लावून उभं राहायचं आणि रविवारी दुपारी पुण्याची वाट धरायची. ताण गेला का? गेला असेलही. निदान खंबाटकीच्या रांगेत अडकेपर्यंत.

टिंगल करायची म्हणून हे लिहीत नाही. झाडांत निवांत बसलं की माणसाला बरं वाटतं, हे आपल्याला आजीनंही सांगितलं असतं आणि आता त्याला थोडाफार अभ्यासाचा आधारही आहे. माझं भांडण दुसरंच आहे. जी गोष्ट आठवड्यातून चारदा, थोडी थोडी, फुकट आणि पायी जाण्याच्या अंतरावर मिळाली तरच अंगी लागते, तिचं आपण वर्षातून एकदा गाडी काढून विकत घ्यायचं प्रकरण करून टाकलं आहे. आणि त्याच काळात सातारा, कराड, सांगली, मिरजेत दारातली सावली तोडायचा सपाटा चालू आहे. निसर्गाच्या नावानं खर्च होणारा सार्वजनिक पैसा आधी डोंगरावरच्या पॉइंटला जावा की पेठेतल्या कडुलिंबाला, हा खरा प्रश्न आहे. माझं मत कडुलिंबाच्या बाजूनं आहे.

आधी अभ्यास काय सांगतो ते बघू. वनस्नानाची कल्पना जपानची. १९८२ साली तिथल्या वनखात्यानं ‘शिनरिन-योकु’ हे नाव पुढे आणलं आणि नागानो प्रांतातल्या आकासावाच्या जुन्या हिनोकी (तिकडची एक सुगंधी सूचीपर्णी जात) वृक्षांच्या जंगलात त्याची सुरुवात झाली. गंमत म्हणजे त्या वेळी खात्याच्या हातात संशोधन फारसं नव्हतंच. शहरात कामाखाली पिचलेली माणसं होती, खात्याकडे राखलेली जंगलं होती, आणि दोघांची गाठ घालून द्यायची होती. मोजमाप नंतर सुरू झालं. २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास जपानमधल्या २४ जंगलांत झाला. प्रत्येक ठिकाणी बारा तरुण घेतले. निम्मे पहिल्या दिवशी जंगलात, निम्मे शहरात, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. काम एवढंच, की पाव तास बसून समोर बघायचं आणि साधारण तेवढाच वेळ चालायचं. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक लाळेत मोजलं, नाडी आणि रक्तदाब मोजला. जंगलातले आकडे शहरातल्यापेक्षा उतरलेले आढळले. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलचे डॉ. चिंग ली यांनी झाडांतून हवेत येणाऱ्या सुगंधी द्रव्यांचा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचा संबंध तपासला. जाहिरातींत आज जे ‘विज्ञानानं सिद्ध’ म्हणून छापलं जातं, त्यातलं बरंचसं इथून आलेलं आहे.

पण हे अभ्यास नीट वाचले की हात जरा आखडता घ्यावा लागतो. बरेच अभ्यास मूठभर माणसांवर झालेले, त्यातही तरुण पुरुषांवर. औषधाच्या चाचणीत गोळी खरी की खोटी हे रोग्याला कळू देत नाहीत. इथं आपण जंगलात उभे आहोत हे माणसापासून लपवणार कसं? २०१९ साली कॉर्टिसॉलवरच्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. आकडे उतरतात, पण जंगलात जायचं आहे या नुसत्या कल्पनेनंही थोडा फरक पडत असावा, असं त्या आढाव्यातच म्हटलं आहे. शिवाय हिनोकीचा वास जपानचा. आपल्याकडे महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. पाचगणीत रांगेनं उभे असलेले सिल्व्हर ओक तर ऑस्ट्रेलियातून आलेले. तिकडचे आकडे उचलून इकडे चिकटवणं हा शहाणपणा नाही.

तरी एक गोष्ट या सगळ्यातून उरते आणि मला तीच महत्त्वाची वाटते. पाव तास. बसून बघायला पाव तास पुरला होता, दोन रात्री-तीन दिवसांचं पॅकेज लागलं नव्हतं. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीवरून २०१९ मध्ये असं दिसलं, की आठवड्याला एकूण दोन तास तरी झाडापानांत घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ते दोन तास एका दमात काढले की तुकड्या-तुकड्यांनी, यानं फरक पडला नाही. मुळात ठणठणीत असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीत राहतेच. पण समजा आकडा बरोबर आहे. मग आठवड्याचे दोन तास कुणाला जमतील? ज्याच्या घरापासून झाड पाच मिनिटांवर आहे त्याला. साताऱ्यातल्या मंगळवार पेठेतल्या माणसाला रोज कासला जाऊन हे जमायचं नाही.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी आहे असंही नाही. हवापालट आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा डॉक्टर ‘हवा बदला’ म्हणायचे, आणि ज्याची ऐपत असेल तो पाचगणीला जायचा. तिथलं बेल-एअर इस्पितळ क्षयरोग्यांसाठीच उभं राहिलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ सुरू केलं आणि सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं. वानलेसवाडी हे नाव आजही तिथं नांदतं आहे. मोकळी हवा, सकस जेवण, सक्तीची विश्रांती. पुढं औषधं आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासला एक मोठी चाचणी झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून औषधं दिली, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरात, अर्धपोटी जेवणावर, तीच औषधं दिली. वर्षाअखेर दोन्हीकडचा गुण जवळपास सारखा निघाला. जगभरातली क्षयाची आरोग्यधामं हळूहळू बंद व्हायला या निकालानं मोठा हातभार लावला.

ही गोष्ट मी वनस्नानाच्या विरोधात सांगतो आहे असं वाटेल. अर्धं तसंच आहे. जिथं आजाराला औषध आहे तिथं हवेच्या भरवशावर राहू नये. सतत उदास वाटतं, झोप उडाली आहे, जीव नकोसा झाला आहे, अशा माणसाला ‘जरा निसर्गात फिरून ये’ म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं आहे. त्याला डॉक्टर हवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. झाडाला हात लावायला सांगणारा कुणी ‘नैराश्य मुळासकट बरं होतं’ असं छातीठोकपणे म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

पण उरलेलं अर्धं माझ्या बाजूचं आहे. मद्रासच्या चाचणीनं हेही दाखवलं, की गरिबाला त्याच्या घरी, त्याच्या रोजच्या धबडग्यात जे देता येतं, ते लांबच्या रम्य ठिकाणी दिलेल्यापेक्षा कमी प्रतीचं असेलच असं नाही. आणि ते कितीतरी जास्त माणसांपर्यंत पोचतं.

साताऱ्या-सांगलीत ताण कुणाला आहे? आयटीवाला येतो तो पुण्याचा. इथला ताण वेगळ्या ठिकाणी बसलेला आहे. दुहेरी ड्युटी करणारा एसटीचा वाहक. गावभर सर्वेक्षण करून मानधनाची वाट बघणारी आशाताई. अभ्यासिकेत दहा-दहा तास खुर्चीला खिळलेली, भरतीची तारीख पुढे ढकलली की कोमेजणारी पोरं. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेली, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलावर किती फुटांवर आलं हे पावसाळाभर फोनवर तपासत राहणारी सांगलीची माणसं. द्राक्षबागेत छाटणीनंतर आभाळाकडे बघत बसलेला तासगावचा बागायतदार. यातल्या कुणाला वीकेंड नावाची चीज नाही.

इथं हमखास एक आक्षेप येतो. खेड्यातल्या माणसाला कसलं आलंय वनस्नान, तो जन्मभर निसर्गातच असतो की! शहरी पाहुण्यांच्या तोंडून हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलेलं आहे. भांगलणीला गेलेली बाई दिवसभर हिरव्यातच असते, हे खरं. पण कमरेत वाकून, डोक्यावर ऊन घेऊन, हातात खुरपं धरून, मुकादमाची नजर पाठीवर घेऊन. तिला हिरवा रंग दिसतो तो सरीतल्या तणाचा. जपानच्या त्या तरुणांना पाव तास काहीही करायचं नव्हतं, आणि तीच त्यांची खरी चैन होती. रिकामा वेळ आणि बसायला सावली, या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय निसर्ग कुणाचाही ताण उतरवत नाही. भांगलणारी बाई दुपारची भाकरी सोडायला बांधावरच्या आंब्याखाली येते तेव्हा जे होतं ते वनस्नान. आणि तो बांधावरचा आंबाच आता राहिलेला नाही.

यावर जरा थांबायला हवं, कारण कृष्णाकाठचं हिरवेपण फसवं आहे. कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत जा, नजर पोचेल तिथवर हिरवंगार. विमानातून बघणाऱ्याला जंगल वाटावं. खाली उतरलं तर सगळा ऊस. उसाच्या फडात वारा शिरत नाही, पातं कापतं, आणि हल्ली आत बिबट्याही असू शकतो. बांधावरची आंबा, जांभूळ, बाभळ, कडुलिंब ही झाडं एकेक करून गेली. कारण झाडाच्या सावलीत ऊस उठत नाही, दोन-चार सऱ्या मारल्या जातात आणि टनेज घटतं. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्याची जमीन वाटण्या होऊन पाऊण एकरावर आली, तो दोन सऱ्या कशाला सोडेल? पण मग त्या माणसांसाठी गावाच्या सामाईक जागेत, शाळेच्या मैदानात, ओढ्याच्या काठाला, पाणंदीच्या दोन्ही अंगांना झाडं उभी करणं हे सरकारी काम ठरतं. पाणंद रस्त्यांवर आपण मुरूम टाकतो, खडी टाकतो. कडेला करंज लावायला किती खर्च येतो?

आता कासकडे येऊ. कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ते जंगल नव्हे, हे तिथं वनस्नानाला येणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. जांभ्या खडकावर बोटभर माती, त्यात पावसाळ्यात उगवून दिवाळीआधी आटोपणारी फुलं. गुडघे टेकून वाकलं तर दिसतं, की लांबून निळसर धूर वाटणारा पट्टा म्हणजे सीतेची आसवं. एकेक फूल नखाएवढं, तेही मुळाशी बारीक किडे पकडून जगणारं. शेजारी दवबिंदू, त्याच्या लालसर केसांच्या टोकावर चिकट थेंब. माइंडफुल होऊन अनवाणी चालायला निघालात तर प्रत्येक पावलाखाली यांचा चेंदामेंदा होतो. या पठारावर भान ठेवून वागणं म्हणजे रस्त्यावरच उभं राहणं.

कासवर गर्दीला आळा घालण्यासाठी शुल्क आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, स्थानिक गावांची समिती राबते, हंगामात पोरांना चार पैसे मिळतात. हे चांगलंच आहे. पर्यटन बंद करा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण याच सह्याद्रीच्या माथ्यावर ‘नवं महाबळेश्वर’ उभारायचं घाटत आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाला त्यासाठी नियोजनाचे अधिकार दिले आहेत, आणि पहिल्या आराखड्यात सातारा, जावळी, पाटण या भागातली २३५ गावं होती. एक महाबळेश्वर आपल्याकडे आधीपासून आहे. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र जाहीर करावं लागलं. का करावं लागलं, हे उन्हाळ्यात एकदा वेण्णा तलावापाशी गाडी लावायला जागा शोधून बघा. शांतता विकायला काढली की ती विकत घ्यायला येणारेच तिला संपवतात. गाडीतला ब्लूटूथ स्पीकर हा आता प्रत्येक पॉइंटवरचा स्थायिक रहिवासी झाला आहे.

आणखी एक गोष्ट बोचते. कोयनेच्या धरणासाठी गावं उठली. त्यातली काही वर डोंगराच्या अंगाला सरकली, आणि पुढं तिथं अभयारण्य आलं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी जंगल राखायला माझी ना नाही. पण ज्यांची देवराई, ज्यांची पाणवठ्याची वाट, ज्यांचा हिरडा त्या रानात होता, ते पुनर्वसनाचे कागद घेऊन अजून ठिय्या धरतात, आणि त्याच जलाशयाच्या काठावर मुंबईचा माणूस ‘निसर्गाशी पुन्हा नातं जोडायला’ येतो. नातं जोडायचं काम इतकं एकतर्फी चाललेलं असताना त्याला आध्यात्मिक मुलामा देऊ नये.

तर मग पैसा कुठं घालायचा? माझ्या दृष्टीनं पहिली जागा दवाखान्यांची. १९८४ साली अमेरिकेतल्या रॉजर उलरिख या संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळातली जुनी कागदपत्रं तपासून एक छोटा, पण गाजलेला निष्कर्ष काढला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रोग्यांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. ४६ माणसं म्हणजे काही फार नव्हेत. पण मिरज ही दवाखान्यांची नगरी. कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून इथं रोगी येतात आणि त्यांच्यामागं दोन-तीन नातेवाईक. त्यांचा मुक्काम कुठं असतो ते बघा. आवारात एखादं जुनं झाड असेल तर त्याच्याखाली. फांदीला कापडी पिशवी अडकवलेली, बुंध्याला टेकवलेला स्टीलचा डबा, पारावर वाळत घातलेला टॉवेल, आणि आयसीयूतून नाव पुकारलं की धावता यावं म्हणून चपला पायातच ठेवून कलंडलेला म्हातारा. त्या झाडाखाली एक अनोळखी बाई दुसरीला चहा देते, ‘तुमचं पेशंट कसं आहे’ विचारते. ताणमुक्तीचं यापेक्षा मोठं केंद्र मला तरी माहीत नाही, आणि त्याच्या उभारणीला कुणी एक रुपया दिलेला नाही. उलट पार्किंग वाढवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच.

दुसरी जागा म्हणजे वसाहतींमधल्या मोकळ्या जागा. मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तसा नियमच आहे. कागदावर ती असते. प्रत्यक्षात तिथं आधी एक पत्र्याचं शेड येतं, मग गणपतीचं मंडळ, मग सभामंडप, मग नगरसेवकाच्या निधीतून पेव्हर ब्लॉक आणि निळ्या-पिवळ्या रंगाची ओपन जिम. झाडं लावलीच तर त्यांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलेलं. साताऱ्याची हद्द २०२० मध्ये वाढली; नव्यानं आत आलेल्या भागात अशा जागा अजून हातात आहेत. आत्ता तिथं वड, पिंपळ, करंज, ताम्हण लावले तर पंधरा वर्षांनी सावली मिळेल. सांगलीचं दुखणं याहून अवघड आहे, कारण गुंठेवारीत मोकळी जागा मुळात सोडलेलीच नसते. गुंठा-गुंठा विकत घेऊन माणसांनी घरं बांधली, रस्ते अरुंद, पावसात काळ्या मातीचा राडा. नेदरलँड्समधल्या एका तज्ज्ञानं शहरांसाठी ३-३०-३०० असा ठोकताळा सुचवला आहे: घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के झाडांचं छत असावं, आणि तीनशे मीटरच्या आत बाग असावी. गुंठेवारीत यातलं पहिलं साधलं तरी मी समाधानी होईन. तीन झाडांना तीन खड्डे पुरतात. आरक्षण, संपादन, न्यायालय यातलं काही आडवं येत नाही.

बागा आहेत तिथंही त्या कुणासाठी आहेत हे विचारायला हवं. साताऱ्यात सकाळी अजिंक्यतारा, ‘चार भिंती’चं स्मारक, यवतेश्वरचा रस्ता माणसांनी फुललेला असतो. त्यात बायकाही असतात, घोळक्यानं. दुपारी तीनला मुलं शाळेत आणि सासूबाई झोपलेल्या असताना जो एक तास घरातल्या बाईला मिळतो, त्या वेळी ती एकटी तिथं जाऊन बसू शकते का? बहुतेक ठिकाणी नाही. बागेचं फाटक बंद असतं, उघडं असलं तर आडोशाला बाटल्या घेऊन बसलेलं टोळकं असतं, आणि स्वच्छतागृहाला कुलूप. एक राखणदार, दिवसभर उघडं फाटक आणि बायकांसाठी चालू स्थितीतलं स्वच्छतागृह एवढ्यावर जितक्या जणींचा ताण उतरेल, तितका शंभर माइंडफुलनेस शिबिरांनी उतरणार नाही. बजेटच्या भाषेत ही रक्कम किरकोळ असते, आणि म्हणूनच तिचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

शहरालगतच्या डोंगरांबद्दल दुसरंच गाऱ्हाणं आहे. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल साताऱ्याभोवतीचे डोंगर पेटतात. गवत जाळलं की पुढचं गवत चांगलं येतं ही समजूत, फेकलेली विडी, आणि काही वेळा नुसता हूडपणा. संध्याकाळी पेठेतून डोंगराच्या अंगावर लाल रेघ सरकताना दिसते. दुसऱ्या दिवशी उतार काळा, आणि पाच-सहा वर्षं कुणी पाणी घालून जगवलेली रोपंही त्यात गेलेली. सामाजिक संस्थांची पोरं झाडाच्या ओल्या डहाळ्या घेऊन वणवा विझवायला पळतात. जूनमध्ये वृक्षारोपणाचे फोटो छापण्यापेक्षा जानेवारीत जाळरेषा (वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढण्यावर खर्च केला, तर लावलेली झाडं राहतील तरी.

‘आमच्याकडे जंगलच नाही, कुठून आणायचं’ असं म्हणणाऱ्या सांगलीकरानं सागरेश्वरला जाऊन यावं. देवराष्ट्र्याजवळचा तो डोंगर एके काळी उघडाबोडका होता. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोक आणि वनखातं कामाला लागलं, झाडं जगली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेलं जंगल. आकार लहान, जेमतेम ११ चौरस किलोमीटर. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी: हरणं वाढली की कुंपण ओलांडून शेतात उतरतात, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्याला रात्री राखणीला बसावं लागतं. त्याच्या झोपेची किंमत देऊन दुसऱ्याचा ताण उतरवायचा नसेल, तर नुकसानभरपाई वेळेत मिळणं हादेखील वनस्नानाच्या धोरणाचा भाग आहे. मध्यंतरी सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता. हळदीच्या पोत्यांमधून वाट काढणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या कॉर्टिसॉलचा विचार कुणी केला नसेल.

राहता राहिला बसायचं कसं हा प्रश्न, कारण शिकवणीच्या फीचं समर्थन तिथंच होतं. फार काही लागत नाही. फोन खिशात, आवाज बंद. बोलणारा मित्र बरोबर नको. एवढं मात्र साताऱ्यात जमवणं कठीण, वाटेत कुणीतरी ‘काय, आज एकटंच?’ विचारतंच. एका झाडाकडे बघत राहायचं. हरिपूरच्या रस्त्यावरची चिंच असो, दंडोबाच्या डोंगरावरचं एखादं वाकडं झाड असो, नाहीतर एसटी स्टँडमागचा पिंपळ. पाच-सात मिनिटं डोक्यात उधारी, पोराची फी, साहेबाचा शब्द असंच फिरत राहतं. मग खारीचं चिरकणं ऐकू येतं, पानांची सळसळ वेगळी कळते. कुणाला एवढं करायलाही माणूस सोबत लागत असेल, गटात गेल्यानं सवय लागत असेल, तर त्यानं जरूर पैसे द्यावेत. तक्रार त्याच्याबद्दल नाही. पिंपळ तिथं उभा असायला हवा, एवढंच.

आणि तो उभा राहील की नाही हे ठरतं रस्त्याच्या आखणीत. सुरूर-वाई रस्त्यावरच्या जुन्या वडांच्या कमानीखालून ज्यांनी एसटीनं प्रवास केला आहे, त्यांना उन्हाळ्यातही खिडकीतून गार झुळूक येते ती कुठं, हे डोळे मिटून सांगता येईल. रुंदीकरणाचा विषय निघाला की पहिली खूण अशाच झाडांवर पडते. मिरज तालुक्यातल्या भोसे इथला, चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड २०२० मध्ये महामार्गाच्या कामातून लोकांनी आवाज उठवल्यामुळे वाचला. पुढं तो पडलाच. वडाचा निम्मा पसारा जमिनीखाली असतो, आणि आखणीच्या नकाशावर तो कुणी काढत नाही. शहरी भागातल्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज दर्जा मिळाला, आणि तोडायची वेळ आलीच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद झाली. वाटेवरचे बहुतेक जुने वड मात्र शहराच्या हद्दीबाहेर उभे आहेत. तिथंही तसाच नियम हवा, आणि बदल्यातली झाडं चाळीस किलोमीटरवरच्या कुठल्यातरी गायरानात न लावता त्याच रस्त्याला, त्याच गावांच्या हद्दीत लावायची अट थेट निविदेत हवी. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी, उन्हाळ्यात टँकरचं पाणी, आणि रोपांनी तीन पावसाळे काढल्याचं ग्रामसभेनं लिहून दिल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघू नये.